मोठा तारा जेवताना गोफण का फिरवतो?

जानेवारीच्या शेवटी रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर गेलात तर मृग नक्षत्र दक्षिणेकडे बऱ्यापैकी वर आलेलं असतं. चौकोनाच्या मधोमध ओळीत तीन तारे: व्याधाने हरणाला मारलेला बाण. त्या बाणाच्या थोडं खाली आणखी एक अंधुक उभी ओळ आहे. तिच्यातला मधला ‘तारा’ नीट निरखला तर तारा वाटत नाही, पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसा पुसट डाग वाटतो. हाच मृगातला तेजोमेघ. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात तो हमखास दाखवतात, आणि साध्या बायनॉक्युलरनेही तो छान दिसतो.

मला आज सांगायचंय ते त्या डागाच्या मागच्या अंगाचं. आपल्याला दिसतो तो उजेड म्हणजे एका अवाढव्य काळ्या ढगाच्या आपल्याकडच्या बाजूवरचा पापुद्रा. खरा ढग त्याच्या मागे आहे, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर, धुळीने गच्च भरलेला. त्याच्या पोटात सूर्यापेक्षा कितीतरी मोठे तारे घडतायत. त्यांचा प्रकाश धुळीतून बाहेर पडत नाही. पण रेडिओ लहरींना आणि अवरक्त किरणांना ती धूळ फारशी अडवत नाही, म्हणून आतल्या घडामोडी कळतात.

१९७० साली विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास या तिघांनी अमेरिकेतल्या किट पीक इथली ११ मीटरची रेडिओ दुर्बीण मृगाकडे वळवली आणि तिथे कार्बन मोनॉक्साइड सापडला. पेन्झियास आणि विल्सन ही जोडी विश्वाच्या पार्श्वप्रारणाच्या, म्हणजे महास्फोटाच्या उरलेल्या धगीच्या, शोधासाठीही प्रसिद्ध आहे. कार्बन मोनॉक्साइड म्हणजे कोंडलेल्या खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावर जीव घेणारा तोच वायू. ताऱ्यांच्या ढगात तो फार कमी असतो, हायड्रोजनच्या साधारण दहा हजार रेणूंमागे एक. पण हायड्रोजनचा रेणू उणे २६०-२६५ अंशांच्या थंडीत गप्प बसतो, कसलीच लहर सोडत नाही. कार्बन मोनॉक्साइड त्या थंडीतही बोलतो, २.६ मिलिमीटर तरंगलांबीवर. त्यामुळे दहा हजारांत एक असलेला हा वायू खगोलशास्त्रज्ञांचा खबऱ्या बनला.

हा खबऱ्या वायूचा वेगही सांगतो. सायरन वाजवत येणारी रुग्णवाहिका जवळ येताना चढ्या सुरात ओरडते आणि पुढे गेली की सूर एकदम उतरतो. रेडिओ लहरींचंही तसंच. वायू आपल्याकडे येत असेल तर लहर आखूड होते, दूर जात असेल तर लांबते. शांत ढगाचा आलेख काढला तर एक अरुंद सुळका मिळायला हवा, कारण आतला सगळा वायू साधारण एकाच वेगाने रेंगाळत असतो. १९७६ साली मृगाचा आलेख बारकाईने पाहणाऱ्यांना सुळका दिसला, पण त्याच्या दोन्ही पायथ्यांशी लांबवर पसरलेल्या सखल कडाही दिसल्या. काही वायू सेकंदाला ५० किलोमीटरच्याही पुढच्या वेगाने आपल्याकडे येत होता आणि काही तेवढ्याच वेगाने दूर जात होता. एवढ्या वेगाचा वायू त्या जागेच्या गुरुत्वाकर्षणाला धरून ठेवता येणं शक्यच नव्हतं. म्हणजे तो सुटलेला होता, बाहेर चाललेला होता.

तारा घडतो तो वायू आत पडून, हे तर शाळेत शिकवतात. मग हा बाहेर का येतोय?

चार वर्षांनी, १९८० साली, वृषभ राशीतल्या एल१५५१ नावाच्या ढगात एका लहान, सूर्यासारख्या नवताऱ्याभोवती चित्र स्वच्छ दिसलं. एका बाजूला आपल्याकडे येणाऱ्या वायूचा फुगा, बरोबर विरुद्ध बाजूला दूर जाणाऱ्या वायूचा फुगा आणि मधोमध घडणारा तारा. त्यानंतर जिथे जिथे तारे घडताना पाहिले, तिथे तिथे हे सापडत गेलं. ही बाळंतपणानंतरची आवराआवर नव्हे. गिळणं चालू असतानाच बाहेर फेकणंही चालू असतं, आणि फेकल्याशिवाय गिळता येत नाही. या लेखात मला सांगायचंय ते मुख्यतः एवढंच. पण त्यामागचं कारण गमतीचं आहे आणि मोठ्या ताऱ्यांच्या बाबतीत ते दुपटीने गमतीचं होतं.

गिरकीचं ओझं

फिरत्या खुर्चीवर बसून हात पसरून गिरकी घ्या आणि मग हात पोटाशी घ्या: वेग वाढतो. हे सगळ्यांनी केलेलं असतं. आता हीच गोष्ट ढगाच्या मापाने करून बघू.

मोठा तारा ज्या वायूच्या गोळ्यातून घडतो त्याची त्रिज्या धरा पृथ्वी-सूर्य अंतराच्या २०,००० पट. त्याच्या कडेचा वायू सेकंदाला १०० मीटर अशा अगदी मामुली वेगाने गोल फिरतोय असं समजा. तारा होण्यासाठी त्याला आकसून सूर्याच्या दहापट त्रिज्येपर्यंत यायचंय, म्हणजे चार लाखांहून अधिक पट आत. गिरकीची बेरीज, म्हणजे शास्त्रीय भाषेत कोनीय संवेग, कायम राहते, त्यामुळे वेगही तितक्याच पटीने वाढला पाहिजे: सेकंदाला ४०,००० किलोमीटरहून जास्त! वीस सूर्यांच्या वस्तुमानाच्या ताऱ्याच्या पृष्ठभागाजवळ वर्तुळाकार कक्षेत टिकून राहण्याचा वेग सेकंदाला ६०० किलोमीटरच्या आसपास असतो. त्याहून वेगाने फिरणारा वायू आत पडणारच नाही, बाहेर फेकला जाईल. थोडक्यात, ढगाने आपली गिरकी कुठेतरी उतरवून ठेवली नाही तर तारा होणंच अशक्य.

म्हणून आत येणारा वायू सरळ ताऱ्यावर कोसळत नाही. तो ताऱ्याभोवती चपट्या तबकडीत फिरत राहतो, रसाच्या गुऱ्हाळात बैल घाण्याभोवती फिरतो तसा. तबकडीतला वायू गिरकी कुणाला तरी देऊन टाकत टाकत हळूहळू आत सरकतो. कुणाला देतो? काही अंशी तबकडीच्या बाहेरच्या भागाला. आणि काही अंशी गोफणीला.

गोफण ज्यांनी हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुताची किंवा वाकाची विणलेली दोरी, मधोमध दगड बसेल एवढी खोळ. एका टोकाचा फास बोटात अडकवायचा, दुसरं टोक त्याच मुठीत नुसतं धरायचं. जोंधळा हुरड्यावर आला की माळ्यावर उभं राहून पाखरं राखताना ही डोक्याभोवती फिरवायची आणि नेमक्या क्षणी सुटं टोक सोडायचं. सट्‌कन आवाज होतो आणि खडा पार शेताच्या टोकाला जातो. नुसत्या हाताने तो तेवढा लांब कधीच गेला नसता. हात थोडाच फिरतो, पण दोरीच्या टोकाला असलेला खडा मोठ्या वर्तुळात फिरतो, म्हणून त्याला वेग मिळतो. आणि एक गोष्ट गोफण फिरवणाऱ्यालाच कळते: खडा हाताला ओढ देतो. हाताची फिरकी खडा घेऊन जातो.

तबकडीच्या बाबतीत दोरीचं काम चुंबकीय क्षेत्र करतं. ढगात मुळातच थोडं चुंबकीय क्षेत्र असतं, वायू आत येताना ते सोबत ओढलं जातं आणि दाटतं. तबकडीतला वायू थोडा विद्युतभारित असल्याने तो क्षेत्राच्या रेषांना चिकटून असतो. रेषेवरून सरकू शकतो, पण रेषा ओलांडून सहज जाऊ शकत नाही. तारेत ओवलेल्या मण्यासारखा. रेषा तबकडीतून वर निघून बाहेरच्या बाजूला कललेली असेल आणि तबकडी तिला गरागरा फिरवत असेल, तर मणी रेषेवरून बाहेर घसरत जातो आणि वेग घेत जातो. १९८२ साली ब्लँडफर्ड आणि पेन यांनी गणित मांडून दाखवलं की रेषेचा कल उभ्या अक्षापासून ३० अंशांहून जास्त असेल तर थंड वायूसुद्धा असा सुटू शकतो. त्यांच्या डोळ्यांसमोर खरं तर कृष्णविवरांभोवतीच्या तबकड्या होत्या. पण गणिताला त्याचं काय!

बाहेर गेलेला वायू मग मागे पडू लागतो, रेषेला पुढे ओढणं त्याला झेपत नाही आणि रेषा पिळली जाते. चऱ्हाट वळताना पेड पिळत जातो तशी. हा पीळ वायूला अक्षाकडे आवळतो आणि चहूकडे पांगण्याऐवजी तो वर आणि खाली असा अरुंद झोत बनून निघतो.

यातला हिशेब मोठा फायद्याचा आहे. फेकलेला वायू लांब दोरीच्या टोकावरून सुटलेला असल्यामुळे थोडाच वायू पुष्कळ गिरकी घेऊन जातो. आत येणाऱ्या मालाच्या साधारण दहाव्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढा बाहेर फेकला तर उरलेला निवांत आत सरकू शकतो.

अंगण धुताना

इथे एक घोटाळा हमखास होतो, तो आधीच निस्तरतो. एखाद्या मोठ्या घडणाऱ्या ताऱ्याभोवतीचा बाहेर जाणारा वायू मोजला की तो दहा-वीस सूर्यांइतका, कधी कधी शंभर सूर्यांहूनही जास्त भरतो. मधला तारा जेमतेम पंधरा-वीस सूर्यांचा! एवढं त्याने फेकलं असेल तर खाल्लं किती?

पाइपने अंगण धुताना काय होतं ते आठवा. नळीतून पाणी बादलीभर येतं, पण फाटकाशी गोळा होतो तो ढीगभर पाला, माती, कागद. पाण्याने ते सगळं समोर ढकललेलं असतं. ताऱ्याचं तसंच आहे. तबकडीतून सुटणारा खरा झोत बारीक आणि सुसाट, सेकंदाला काहीशे किलोमीटर. तो भोवतालच्या शांत ढगावर आदळतो आणि त्या ढगाला पुढे रेटतो. एका सूर्याइतका वायू सेकंदाला ५०० किलोमीटरने आला तर तो ५० सूर्यांइतका वायू सेकंदाला साधारण १० किलोमीटरने ढकलू शकतो. साधा संवेगाचा नियम. १९७६ च्या आलेखात किंवा एल१५५१ मध्ये दिसला तो बहुतांशी हा रेटलेला पालापाचोळा. म्हणून मी आतल्या वेगवान धारेला ‘झोत’ म्हणतो आणि बाहेरच्या संथ, जड वायूला ‘लोंढा’.

झोत जिथे आदळतो तिथे धुळीचे कण फुटतात आणि त्यांच्यातलं सिलिकॉन मोकळं होऊन सिलिकॉन मोनॉक्साइड तयार होतो. शांत ढगात हा जवळजवळ नसतोच. त्यामुळे दुर्बिणीला तो सापडला की समजायचं, इथे नुकतीच धडक झालीय.

प्रकाशच आडवा येतो

आता मोठ्या ताऱ्यांचं खास दुखणं. ‘मोठा’ म्हणजे ढोबळमानाने आठ सूर्यांहून जास्त वस्तुमानाचा. सूर्यासारख्या ताऱ्याचं जेवण आधी उरकतं आणि चूल नंतर पेटते. वायू गोळा करून झाला की तो काही कोटी वर्षं सावकाश आकसतो आणि मग गाभ्यात हायड्रोजनचं इंधन जळू लागतं. मोठ्या ताऱ्याला एवढा धीर नसतो. त्याचं आकसणं काही दहा हजार वर्षांतच उरकतं, त्यामुळे ताटावर बसलेला असतानाच त्याची चूल भडकलेली असते.

आणि ती साधीसुधी चूल नव्हे. दहा सूर्यांचा तारा दहा पट नाही, हजारो पट तेजस्वी असतो. वीस सूर्यांचा तर तीस-चाळीस हजार पट. एवढा प्रकाश धुळीवर पडला की तिला ढकलतो. प्रकाशाला दाब असतो हे आपल्याला रोजच्या व्यवहारात जाणवत नाही, पण धूळ हलकी आणि पसरट असते. खळ्यावर उफणताना दाणा खाली पडतो आणि भूस वाऱ्यावर उडतं. इथे धूळ म्हणजे भूस. फरक एवढाच की हे भूस वायूच्या रेणूंना सतत धडकत असतं, त्यामुळे उडताना दाण्यांनाही सोबत घेऊन जातं. १९७० च्या दशकात लार्सन आणि स्टारफील्ड, मग कान यांनी हा हिशेब केला तेव्हा अडचण उघडी पडली: एका मर्यादेनंतर ताऱ्याचा स्वतःचाच प्रकाश त्याचं अन्न उडवून लावणार. पण आकाशात पन्नास सूर्यांचे, शंभर सूर्यांचे तारे तर आहेत! ते आले कुठून?

कान यांचं गणित चारी बाजूंनी सारखा वायू पडतोय असं धरून होतं, आणि उत्तर नेमकं तिथेच होतं. वायू तबकडीतून येतो. तबकडी जाड आणि धुळीने भरलेली असल्यामुळे प्रकाश तिच्यात शिरण्याऐवजी वर-खाली, ध्रुवांकडे वळतो. १९९९ साली यॉर्क आणि बोडनहाइमर यांनी संगणकावर हे दाखवलं. २००५ साली क्रुमहोल्झ आणि सहकाऱ्यांनी त्यात झोताची भर घातली. झोताने ध्रुवांच्या दिशेला ढगात आधीच पोकळी कोरलेली असते, आणि प्रकाश त्या पोकळीतून निसटतो. माजघरातल्या चुलीला धुराडं असलं की डोळे चुरचुरत नाहीत आणि चुलीत लाकडं सारणाऱ्याला बसून काम करता येतं. झोत हे त्या ताऱ्याचं धुराडं. गिरकी उतरवायला जे फिरवलं तेच प्रकाशाला वाट करून देतं.

धुराडं एकटंच कारण आहे असं मात्र मी म्हणणार नाही. क्रुमहोल्झ यांच्याच २००९ च्या संगणकी प्रतिकृतीत झोत अजिबात घेतले नव्हते, तरीही ४१ आणि २९ सूर्यांचा जोडतारा घडला. प्रकाशाने फुगवलेल्या पोकळीच्या माथ्यावरचा जड वायू बोटांसारख्या धारांनी खाली घुसत राहिला, तेलावर पाणी ओतलं की ते जसं खाली घुसतं तसा. यावर नंतर बराच वाद झाला आणि काहींनी नुसती तबकडीच पुरेशी आहे असंही दाखवलं. मला वाटतं, निसर्ग एका वेळी एकच युक्ती वापरत असेल असं मानायला काही कारण नाही.

वय वाढतं तशी धुराड्याची तऱ्हाही बदलते. कोवळ्या वयात झोत अरुंद असतो. पुढे तारा जास्त तापला, त्याचे अतिनील किरण भोवतालचा वायू दहा हजार अंशांपर्यंत तापवू लागले की अरुंद झोताच्या जोडीला रुंद वारा सुरू होतो आणि पोकळीचं तोंड फाकत जातं. २००५ साली बॉयथर आणि शेपर्ड यांनी मांडलेली ही क्रमवारी पुष्कळ ठिकाणी जुळते. सगळीकडे नाही.

खोडदच्या जाळीतून

धनू राशीत, साधारण पाच हजार प्रकाशवर्षांवर, एक घडणारा तारा आहे. त्याचं नाव लांबलचक आणि आकडेमोडीचं आहे, पण त्याच्या झोताला एचएच ८०-८१ म्हणतात. एचएच म्हणजे हर्बिग आणि हारो. या दोघांनी १९५० च्या आसपास असे चमकते ठिपके पहिल्यांदा नीट अभ्यासले. तारा सुमारे वीस सूर्यांचा. झोत टोकापासून टोकापर्यंत सतरा प्रकाशवर्षांहून लांब. सूर्यापासून सगळ्यात जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षांवर आहे, त्याच्या चौपट! १९९० च्या दशकात न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए दुर्बिणीने या झोतातल्या गाठी काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा टिपल्या आणि त्या सरकताना दिसल्या, सेकंदाला ६०० ते १,४०० किलोमीटर वेगाने. झोत आदळतो तिथला वायू इतका तापतो, दहा लाख अंशांच्या वर, की तिथून क्ष-किरण येतात.

२०१० साली याच झोतातून येणाऱ्या रेडिओ लहरी ध्रुवित आहेत, म्हणजे त्यांचं कंपन ठरावीक दिशेला झुकलेलं आहे, असं दिसलं. याचा अर्थ तिथे चुंबकीय क्षेत्र आहे आणि त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गिरक्या घेतायत. गोफणीची दोरीच दिसावी, असं हे. ती दोरी आहे मात्र अगदी नाजूक: पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे दोन हजारावा भाग.

नुसत्या तापलेल्या वायूचं आणि अशा वेगवान इलेक्ट्रॉनांचं रेडिओ तेज वेगळं ओळखायचं तर लांब तरंगलांबीकडे जावं लागतं. तापलेला वायू तिथे मंदावतो, इलेक्ट्रॉन उलट जास्त तेजस्वी होतात. आणि लांब तरंगलांबी म्हटलं की आपल्या नारायणगावजवळच्या खोडदला पर्याय नाही. तिथली जीएमआरटी म्हणजे गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ३० तबकड्यांची दुर्बीण. प्रत्येक तबकडी ४५ मीटर व्यासाची. १४ मध्यभागी, उरलेल्या १६ तीन फाट्यांवर २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या.

विज्ञान दिनाला ती लोकांसाठी खुली असते, तेव्हा मी एकदा गेलो होतो. मोबाइल बंद. तबकडीखाली उभं राहून वर पाहिलं तर चक्क आकाश दिसतं, कारण पत्रा नाहीच, बारीक पोलादी तारांची जाळी आहे, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी. सोबत आलेले आमचे काका म्हणाले, “अरे, हे भांडं गळकं आहे की!” तिथल्या माहिती सांगणाऱ्या मुलीने हसून समजावलं: जाळीचं भोक एक-दोन सेंटिमीटरचं आणि पकडायची लहर हातभर लांबीची. लहरीला ते भोक दिसतच नाही. वारा तेवढा आरपार जातो आणि तबकडी हलकी राहते. काकांना पटलं. परतताना म्हणाले, “म्हणजे बैल काही पिठाच्या चाळणीतून जात नाही, तसं.”

याच गळक्या भांड्यांनी तिरुवनंतपुरमच्या भारतीय अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेतल्या सरिता विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचएच ८०-८१ चा झोत ३२५ आणि ६१० मेगाहर्ट्‌झवर टिपला. म्हणजे जवळजवळ एक मीटर आणि अर्धा मीटर तरंगलांबी. २०१८ साली ते निष्कर्ष छापून आले. अपेक्षेप्रमाणे लांब तरंगलांबीवर झोत जास्त उजळ होता. सूर्याहून वीसपट मोठ्या ताऱ्याच्या झोतात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचतात, हे जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षबागांशेजारून पाहिलं गेलं. मला हे सांगताना अजून मजा वाटते.

मीठ आणि एक स्फोट

पुन्हा मृगाकडे. त्या डागामागच्या काळ्या ढगात ‘सोर्स आय’ नावाचा सुमारे पंधरा सूर्यांचा तारा घडतोय. चिलीच्या वाळवंटातल्या अल्मा दुर्बिणीने २०१७ साली त्याच्या झोताचा वेग कडेपासून कडेपर्यंत मोजला. एक कड आपल्याकडे वळते आहे, दुसरी दूर. झोत स्वतःच्या अक्षाभोवती फिरतो आहे, तबकडी फिरते त्याच दिशेने. गोफणीतून सुटलेल्या खड्यात गोफणीची गिरकी शिल्लक असावी, तसं. त्या गिरकीवरून उलट हिशेब केला तर झोत सुटतो ती जागा ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या दहापटीहून लांब येते, आपल्याकडे शनी असतो त्याच्याही पलीकडे. म्हणजे तो ताऱ्याच्या पृष्ठभागावरून नाही, तबकडीवरूनच सुटतो.

त्याच तबकडीत २०१९ साली मीठ सापडलं. खरंच मीठ, सोडियम क्लोराइड, वायुरूपात. धुळीचे कण तापून-फुटून ते मोकळं झालं असणार.

पण १९७६ साली दिसलेल्या त्या भरधाव वायूतला बराचसा सोर्स आयच्या झोताचा नाही! तिथे शंभराहून जास्त धारा एकाच बिंदूतून सगळ्या दिशांना सुटलेल्या दिसतात, फुटलेल्या सुतळी बॉम्बच्या ठिणग्यांसारख्या. वेग आणि अंतर यांवरून उलट मोजलं तर त्या साधारण ५०० वर्षांपूर्वी सुटल्या असाव्यात. त्याच सुमारास त्याच जागेपासून सोर्स आय, त्याच्या शेजारचा बीएन नावाचा तारा आणि आणखी एक तारा तीन दिशांना फेकले गेलेत. गर्दीत तारे एकमेकांच्या फार जवळ आले आणि दोन तारे घट्ट जवळ आले किंवा एकमेकांत विरघळले, त्यातून सुटलेल्या ऊर्जेने बाकी सगळं उधळलं असं मानलं जातं. सूर्याला एवढी ऊर्जा द्यायला काही दहा लाख वर्षं लागतील. गोव्यात पोर्तुगीज नुकतेच पाय रोवत होते त्या सुमारास या स्फोटाची खबर पृथ्वीवर पोहोचत होती, फक्त ती वाचायला कुणाकडे काही नव्हतं. या विषयातलं सगळ्यात पहिलं, पाठ्यपुस्तकी उदाहरण असं नियमाला अपवाद निघालं, हे मला फार आवडतं.

जेवण आणि ढेकर

मोठे तारे मुळात कमी, लांब, भराभर घडणारे आणि धुळीत बुडालेले, त्यामुळे त्यांची हालचाल डोळ्यांदेखत दिसणं दुर्मीळ. पण काही वेळा दिसलीच. त्यातली ही दोन प्रकरणं. हंस तारकासमूहात सुमारे ४,२०० प्रकाशवर्षांवरच्या डब्ल्यू७५एन भागातला एक घडणारा तारा १९९६ साली व्हीएलएने पाहिला तेव्हा त्याचा तापलेला वारा जवळजवळ गोल होता. २०१४ साली तोच वारा लांबट झालेला होता, एका दिशेला ओढलेला. गोल वारा आजूबाजूच्या दाट धुळीच्या वलयावर आपटला आणि जिथे वाट मिळाली तिथे, म्हणजे वर-खाली, निघून गेला. ज्या बदलांसाठी हजारो वर्षं लागतील असं वाटावं, त्यातला एक अठरा वर्षांत घडून गेला.

दुसरं प्रकरण मृग आणि मिथुन यांच्या सीमेजवळचं, एस२५५ भागातला वीस सूर्यांचा तारा, सुमारे ५,८०० प्रकाशवर्षांवर. २०१५ साली त्याच्या आसपासच्या मिथेनॉलच्या रेडिओ लहरी अचानक भडकल्या. मिथेनॉल, म्हणजे विषारी दारूतलं मद्यार्क, मोठ्या घडणाऱ्या ताऱ्यांच्या उबेत ६.७ गिगाहर्ट्‌झवर लेझरसारखं तेज देतं, आणि लहान ताऱ्यांभोवती ही विशिष्ट लहर सापडत नाही. लगेच अवरक्त दुर्बिणी तिकडे वळल्या. तारा सुमारे तीस हजार सूर्यांच्या तेजावरून एक लाख साठ हजारांवर गेला होता. तबकडीतून एक मोठा घास एकदम आत पडला होता, साधारण दोन गुरू ग्रहांएवढा.

मग सगळे झोताची वाट पाहत बसले. महिने गेले, रेडिओत काहीच नाही. २०१६ च्या जुलैनंतर, घास गिळल्यावर सुमारे तेरा महिन्यांनी, झोत भडकू लागला आणि त्याचं तेज भराभर वाढत गेलं. ढेकर आली होती.